पहिलं बरं, दुसरं बरं, की दोन्ही नको?

आमच्या गल्लीत कोणालाही विचारा, भिंगाक्काचं दुकान कुठलं. तो हात लांब करून पाटी दाखवेल आणि वर नाकावरचा चष्माही दाखवेल, हा तिनेच दिलेला म्हणून. भिंगाक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. गल्लीची आक्का असेल, माझ्या त्या वन्सं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्यांच्या दुकानात फ्रेमांच्या काउंटरवर बसते. नवरा जिन्याखाली चाकावर भिंगं घासतो आणि वन्सं डोळे तपासतात. त्या मोजकंच बोलतात. त्यांच्या वाटणीचंही मी बोलते, असं नवरा म्हणतो, आणि खोटं काही म्हणत नाही.

दुकान म्हणजे एक लांबुळका बोळ आहे. होता, म्हणायला पाहिजे आता. दाराच्या वर आतल्या बाजूने अक्षरांचा तक्ता, आणि थेट मागच्या भिंतीला टेकून तपासणीची खुर्ची. मधलं अंतर वीस फूट. डोळे तपासायचे तर एवढं अंतर लागतं, असं वन्संच्या वडिलांनी त्यांना शिकवलेलं. दारातून कोणी आत आलं की खुर्चीतल्या माणसाला त्याच्या डोक्यावर अक्षरं नाचताना दिसायची. मी एकदा म्हटलं होतं, "अहो, आरसा लावा की समोर, निम्म्या जागेत काम होईल, बाकीच्या जागेत मी अजून चार फ्रेमा मांडेन." तर म्हणाल्या, "आरसा दिसला की माणूस स्वतःचं तोंड बघत बसतो, अक्षरं कोण वाचणार?" विषय संपला.

त्यांची तपासायची एक रीत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड, गोल फ्रेम चढवायची, तिच्यात एक भिंग सरकवायचं, मग दुसरं. आणि विचारायचं, "पहिलं बरं, की दुसरं?" हे सगळेच विचारतात. पण वन्सं जरा थांबून तिसरंही विचारतात, "की दोन्ही नको?" मी नवीन होते तेव्हा मला वाटायचं, उगाच कशाला वेळ घालवतात ह्या. तर म्हणाल्या, "वहिनी, माणसं भिडस्त असतात गं. दोन्हींतून धुरकट दिसत असलं तरी मी दोनच पुढे केली म्हणून त्यातलं एक उचलतात. घरी जाऊन डोकं दुखतं आणि चष्मा कपाटात पडतो."

आणि कोणी उलट विचारलं, "आक्का, तुम्हाला कुठलं वाटतं?" की त्यांचं उत्तर ठरलेलं. "डोळे तुमचे. मी विचारते, सांगत नाही." म्हणे तरुणपणी एकदा लग्नाचं जुळत आलं होतं. मुलगा चांगला होता, सरळ होता. वन्संनी त्याला काहीतरी विचारलं, कुठे राहायचं की कसलं काम करायचं, आणि तो लाडात येऊन म्हणाला, "तू म्हणशील ते." तिथेच फिसकटलं. ही गोष्ट मला सासूबाईंनी सांगितली आणि कपाळावर हात मारून घेतला.

तर अशा बाईने मत कोणाला दिलं, हे शोधून काढायचा मी चंग बांधला. का ते सांगते.

आमच्या वॉर्डाची निवडणूक लागली. तिघं उभे होते. एक कंत्राटदार. हा गल्लीत येऊन तोंडावर सांगून गेला की मी निवडून आलो की रस्ता रुंद होणार, दुकानांचे दर्शनी भाग जाणार. एवढं खरं तो जन्मात एकदाच बोलला असेल. दुसरा डेअरीवाला. ह्याच्या दुधात काय असतं ते सगळ्यांना माहीत, आणि दुधात नसलेलं सगळं त्याच्या बोलण्यात. पण त्याने शपथ घेतली, गल्लीच्या एका विटेलाही हात लावणार नाही. त्याचं गोडाऊन आमच्याच गल्लीच्या टोकाला, त्यामुळे ही एक शपथ तो पाळेल असं सगळ्यांचं मत.

आणि तिसऱ्या नर्सबाई. निवृत्त झालेल्या, गुडघे दुखणाऱ्या, कापडी पिशवीत पत्रकं घेऊन एकट्या दारोदार फिरणाऱ्या. गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली. त्यांचं मागणं एकच, वॉर्डातला बंद पडलेला दवाखाना पुन्हा उघडायचा. दर वेळी उभ्या राहायच्या, दर वेळी पडायच्या. सगळे म्हणायचे, बाई म्हणजे सोनं. आणि मत दुसऱ्याला द्यायचे.

ह्या वेळी मात्र चुरस होती. कंत्राटदार आणि डेअरीवाला अगदी बरोबरीत, असं जो तो सांगत होता. कंत्राटदार आला तर आमच्या दुकानाचा पुढचा निम्मा भाग रस्त्यात. दहा फूट उरणार. मागची भिंत पाडून आत सरकावं तर तिच्यावरच आमची राहती खोली उभी. वन्संची ही तपासणीची खोली गेली तर वन्सं काय करणार, आणि आम्ही काय खाणार?

टेलरकाकांनी त्यांच्या दुकानात सगळ्या गल्लीला बोलावलं. कपड्यांचे ढीग बाजूला सारून माणसं बसली. काका म्हणाले, "सगळ्यांनी एकगठ्ठा डेअरीवाल्याला द्यायचं. नाक दाबून द्यायचं, पण द्यायचं. एकही मत फुटता कामा नये." तेवढ्यात नर्सबाई आल्या. कोणीच त्यांना बोलावलं नव्हतं. कोणीतरी मशीनवरची कात्री उचलून उगाच बाजूला ठेवली.

"बाई," टेलरकाका खाली बघत म्हणाले, "तुम्ही नाव मागे घेतलं असतंत तर..."

"मुदत गेली. आता निघत नाही," नर्सबाई म्हणाल्या. "आणि निघत असतं तरी काढलं नसतं, खोटं का बोलू? पण तुम्ही तुमच्या भिंती वाचवा. माझी भीड धरू नका. मी कोणावर रागावणार नाही."

वन्सं कोपऱ्यात उभ्या होत्या. काकांनी हात वर करायला सांगितले, कोण कोण डेअरीवाल्याला. सगळे हात वर गेले, माझा तर सगळ्यात आधी. वन्संनी हात वर केला का? मी मान वळवून बघितलं, तर त्या चष्म्याची काच पदराने पुसत होत्या. दोन्ही हात त्यातच गुंतलेले.

झालं. मला चैन पडेना. नवऱ्याला विचारलं, "तुमची बहीण कोणाला देणार हो?" तो म्हणाला, "मी भिंगं घासतो, माणसं नाही." भाऊ कोणाचा शेवटी.

मग मला संधी मिळाली. वन्संचे डोळे मी तपासते. स्वतःचे स्वतःला तपासता येत नाहीत ना. त्या खुर्चीत, मी उभी, असं आमच्यात एरवी कधी होत नाही. मी फ्रेम त्यांच्या नाकावर चढवली, भिंग सरकवलं, आणि पुढची अक्षरं वाचायला लावायच्या ऐवजी हळूच म्हटलं, "वन्सं, एक विचारू? दुकान जाईल ही भीती तुम्हाला वाटते का नाही?"

"वाटते की."

"मग डेअरीवाल्यालाच ना?"

"भिंग तिरकं बसलंय तुझं," त्या म्हणाल्या.

मी भिंग सरळ केलं. "अहो, घरच्या माणसाला सांगायला काय होतं?"

"घरच्या माणसाने विचारायला काय नाही होत. माझा उजवा डोळा बघ आधी."

मतदानाच्या दिवशी मी मुद्दाम त्यांच्या मागेच रांगेत उभी राहिले. शाळेचा वर्ग, बाक भिंतीला लावलेले, कोपऱ्यात पुठ्ठ्याचा आडोसा. वन्सं आडोशामागे गेल्या आणि खूण करून लगेच बाहेर आल्या. चेहऱ्यावर काही नाही. चेहऱ्यावर काही असणारी बाईच नाही ती. आमच्या पुढे नर्सबाई होत्या, त्यांनी मात्र आत फार वेळ लावला होता. इतका, की तिथली मुलगी उठून विचारायला गेली, काही मदत हवी का. मला वाटलं, बिचाऱ्यांना दिसत नसेल नीट, दुकानात येऊन नंबर काढून घ्या म्हणून सांगायला पाहिजे.

कंत्राटदार निवडून आला. थोडक्यात आला, पण आला. वॉर्डभरात नर्सबाईंना जेवढी मतं पडली त्याहून कमी मतांनी डेअरीवाला पडला. पेटीनिहाय आकडे शाळेच्या फाटकावर लावले होते, तिथे ही गर्दी. आमच्या गल्लीच्या पेटीत नर्सबाईंच्या नावापुढे होतं एक. फक्त एक.

"स्वतःचं स्वतःला दिलं," कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. पण ते हसणं दोन दिवसही टिकलं नाही. रस्त्याची मापं घ्यायला माणसं आली, भिंतींवर लाल रेघा ओढून गेली, आणि गल्लीचा राग वाट शोधायला लागला. कंत्राटदारावर रागावून काय उपयोग, तो तर सांगूनच आला होता. मग सापडल्या नर्सबाई. बाई उभ्याच राहिल्या नसत्या तर. सगळी गल्ली एक झाली आणि बाईंना स्वतःचा मोह आवरला नाही. ज्यांची पोरं त्यांच्या हातावर जन्मली ते त्यांना बघून दुसऱ्या बाजूने चालायला लागले. मी? मीही त्या दिसल्या की फ्रेमा पुसायला घ्यायचे. राग होता मला, खरंच होता. दारात लाल रेघ बघून रोज सकाळी जीव कासावीस व्हायचा.

बाई कोणालाच काही बोलल्या नाहीत.

एका दुपारी त्या दुकानात आल्या. डोळे तपासायचे म्हणाल्या. वन्संनी त्यांना खुर्चीत बसवलं, फ्रेम चढवली. "पहिलं बरं, की दुसरं?" सुरू झालं. तेवढ्यात टेलरकाका आले, त्यांचा चष्मा तयार होता. आत बघितलं आणि त्यांची मान ताठ झाली. मी चष्मा पुढे केला, त्यांनी घेतला, पण पाय निघेना त्यांचा.

"नीट तपासा हो आक्का," काका मोठ्याने म्हणाले. "बाईंना स्वतःच्या नावापलीकडे काही दिसत नाही म्हणतात. ते एक मत लखलाभ त्यांना. गल्ली बुडाली, पण मत मिळालं."

नर्सबाईंच्या नाकावर ती गोल फ्रेम, तिच्यात एकाच डोळ्याला भिंग. त्या तशाच समोर तक्त्याकडे बघत राहिल्या.

वन्संनी हातातलं भिंग पेटीत जागच्या जागी ठेवलं. म्हणाल्या, "ते मत माझं आहे."

मला आधी वाटलं, बाईंची लाज राखायला बोलताहेत. पण वन्सं असलं कधी बोलत नाहीत. जिन्याखालचं चाक थांबलं.

"तुमचं?" टेलरकाका म्हणाले. "आक्का, हे दुकान तुमचं, हे अर्धं जाणार, आणि तुम्ही...?" मग त्यांच्या डोक्यात दुसरं काहीतरी शिरलं. तोंड उघडं राहिलं. माझ्याही डोक्यात तेच शिरलं होतं. पेटीत मत एकच. ते वन्संचं. मग बाईंचं कुठे गेलं?

आम्ही सगळे त्यांच्याकडे वळलो. चाकावरून उठून नवराही आला. वन्संसुद्धा बघत राहिल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा काहीतरी बघितलं. त्यांनाही माहीत नव्हतं.

"मी डेअरीवाल्याला दिलं," नर्सबाई म्हणाल्या. "घरी जाऊन हात धुतले. पण दिलं." त्यांनी मान वर करून वन्संकडे बघितलं. "ही खोली जाईल म्हणून गं. दुसरं काय? आता दवाखाना नाही, डोळेही गेले तर लोकांनी जायचं कुठे?"

"स्वतःच्या नावावर खूण केली नाहीत तुम्ही?" वन्संनी विचारलं.

"हात जात होता तिकडेच. बराच वेळ उभी होते. पण पेशंट जायला लागला की आपल्या आवडीचं औषध शोधत बसत नाही, हाताला येईल ते देतो. जन्मभर तेच केलं." मग त्या थोड्या चिडल्याच. "आणि तू काय केलंस? तुझी खोली वाचावी म्हणून मी माझं नाव सोडलं, आणि तू खोली सोडून बसलीस? कोणी सांगितलं होतं तुला?"

"कागदावर विचारलं होतं, कोण पाहिजे," वन्सं म्हणाल्या. "कोणाची भीती वाटते, असं नव्हतं विचारलं. मला तुम्ही पाहिजे होतात."

टेलरकाकांनी चष्मा खिशात घातला, काढला, पुन्हा घातला. "बाई, मी..." एवढंच त्यांच्या तोंडून आलं. नर्सबाई म्हणाल्या, "असू दे. पण तू हल्ली शिवतोस तो झगा पोरींच्या गुडघ्याच्या वर येतो, एवढं मात्र सगळी गल्ली बोलते." काका हसले की रडले कळलं नाही. दारातल्या पायरीवर अडखळून गेले.

माझा मात्र तोल गेला. काका बाहेर पडल्याबरोबर मी जी सुटले, ती सुटलेच. "म्हणजे मी एकटी वेडी? मी नाक दाबून त्या पाणीवाल्याला मत दिलं, तुमच्यासाठी दिलं, घरासाठी दिलं, आणि तुम्ही दोघी एकमेकींना दानधर्म करत बसलात? वन्सं, हे घर तुमचं एकटीचं आहे का हो? मला विचारायचं तरी!"

वन्सं म्हणाल्या, "तुला विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. आणि मग मला नाही म्हणता आलं नसतं." मग म्हणाल्या, "माझं चुकलंही असेल, वहिनी."

एका मताने निकाल फिरला नसता, हे मलाही कळतं. पण राग असा आकडे बघून येत नाही आणि जातही नाही. चार दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. चार दिवस दुकानात एवढी शांतता, की गिऱ्हाइकं विचारायची, वहिनी आजारी आहेत का. मला सारखं कोडं पडायचं, दोघींतली बरोबर कोण? रात्री वाटायचं बाई बरोबर, डोकं ठिकाणावर असलेली. सकाळी वन्संना दुकान उघडताना बघितलं की वाटायचं, ह्या बाईसमोर मी हात वर करून काय मिळवलं? अजूनही ठरत नाही माझं. कोणाचं ठरलं असेल तर मला येऊन सांगा.

टेलरकाकांनी दुसऱ्याच दिवशी सगळ्या गल्लीला ती गोष्ट सांगितली. माणसं नर्सबाईंच्या दारात जाऊन उभी राहायला लागली, आधी काही ना काही कारण काढून, मग बिनकारण.

पुढची भिंत पाडली त्या दिवशी वन्सं वर खिडकीतही आल्या नाहीत. धूळ बसल्यावर खाली उतरल्या, उरलेली खोली बघितली आणि मला म्हणाल्या, "आरसा घेऊन ये." मी तोंडाशी आलेलं गिळलं. माझं काउंटर जिन्याखाली नवऱ्याच्या चाकाशेजारी गेलं. निम्म्या फ्रेमा खोक्यात. खुर्ची मागच्या भिंतीला होती तिथेच, तक्ता तिच्या डोक्यावर, उलट्या अक्षरांचा नवीन करून घेतलेला, आणि समोर दाराशेजारी आरसा.

पहिल्या आल्या नर्सबाई. त्यांचा नंबर अर्धाच राहिला होता ना. खुर्चीत बसल्या आणि आरशात स्वतःला बघून म्हणाल्या, "अगं बाई, एवढी म्हातारी झाले मी?"

"बघ," वन्सं माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मी म्हटलं होतं." मग फ्रेम चढवली, एक भिंग सरकवलं, काढलं, दुसरं सरकवलं. "पहिलं बरं, की दुसरं? की दोन्ही नको?"

बाई बराच वेळ बघत राहिल्या. "मला कळत नाही गं," त्या म्हणाल्या. "दोन्ही सारखीच. तुला कुठलं वाटतं?"

मी कान टवकारले. आता येणार, डोळे तुमचे, मी विचारते, सांगत नाही.

"मला काय वाटतं ते एकदाच सांगितलं जन्मात," वन्सं म्हणाल्या. "खोली बघताय ना केवढी राहिली."

नर्सबाईंचे खांदे हलायला लागले, नाकावरची फ्रेम घसरली, आणि त्या अशा हसल्या की वन्संनाही हसू फुटलं. आरशात दोघी, त्यांच्या मागे सुलटी झालेली अक्षरं, आणि एका कडेला मी. नवऱ्याने चाक थांबवून विचारलं, काय झालं. मला सांगता येईना, कारण मी रडत होते. मग पदराने तोंड पुसलं, पुढे झाले, आणि घसरलेली फ्रेम बाईंच्या नाकावर पुन्हा नीट बसवून दिली.